चुन्यावरचे निळे डाग

"मामा, साखरपुडा मोडला तरी चालेल. पण ते म्हणतायत, आम्ही तुला माफ केलं! मी काही केलंच नाही, तर माफ कसलं करतायत?"

शनिवारची सकाळ. कोपरीतल्या घरात महिपत घाग दुसरा चहा घेत होते, तोच भाचीचा फोन. प्राची रडत नव्हती. चिडली होती, आणि चिडली की ती शब्द मोजून बोलते, हे मामांना पक्कं ठाऊक होतं.

"पहिल्यापासून सांग."

तिने सांगितलं. उद्या तिचा साखरपुडा. मुलगा डोंबिवलीचा, प्रीतम मढवी, कोल्ड स्टोरेजच्या मशिनरीचा इंजिनियर. कंपनीने त्याला काही महिने स्पेनला पाठवलेलं. येताना त्याने आजोबांसाठी रेड वाइनची एक बाटली आणली. साधीसुधी नव्हे, शंभरी ओलांडलेल्या वेलींच्या द्राक्षांची. आजोबांनी ती लाकडी खोक्यातच ठेवली आणि जाहीर केलं, नातवाच्या साखरपुड्याला उघडायची, घरातल्या प्रत्येकाने एकेक घोट घ्यायचा. काल संध्याकाळी त्यांनी खोकं उघडलं, तर बाटली गायब. आज सकाळी मिळाली. रिकामी. प्राचीच्या बॅगेत.

"तुझी बॅग तिकडे कशी?"

"हॉल त्यांच्या घराजवळ आहे ना. म्हणून साडी, बांगड्या, सगळं गुरुवारीच तिकडे ठेवून आलेले. आज प्रीतमच्या आईने बॅग उघडली, तर साडीत गुंडाळलेली बाटली."

"आणि तू कशाला करशील असं काही?"

"बाबा दारूने गेले, मला दारूचा राग आहे, म्हणून मी ती मोरीत ओतली, असं त्यांचं म्हणणं." ती जरा थांबली. "आणि मी बोललेले एकदा. त्याच्या आईने बाटली घरात आल्या आल्या तिला हळद-कुंकू लावलेलं. मी म्हटलं, आमच्याकडे बाटलीने घरं बसतात, तुमच्याकडे बाटलीची पूजा होते. सगळ्यांसमोर."

"तुझी जीभ कुणावर गेलीय कोण जाणे," मामा म्हणाले. खरं तर दोघांनाही ते माहीत होतं.

"मामा, अख्ख्या भावकीत फोन गेलेत. उद्या मी हॉलमध्ये पाऊल टाकलं की सगळे म्हणणार, हीच ती. हिला माफ केलं त्यांनी. तसं नाव घेऊन मी त्या घरात जन्मभर नाही राहणार. उद्याच्या आत हे पुसलं गेलं पाहिजे."

"तयार हो. स्कूटर काढतो."

महिपत घाग दारूबंदी खात्यातून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी हातभट्ट्या फोडण्यात आणि बनावट सीलं ओळखण्यात गेली, पण स्वतः थेंबाला शिवले नाहीत. चहा मात्र असा प्यायचे, की त्यावरही सरकारने बंदी घालावी, असं त्यांची बायको म्हणायची.

शीळफाट्याच्या ट्रॅफिकला यथेच्छ शिव्या घालत दोघं डोंबिवलीला पोचली.

मढवींचं घर म्हणजे तीन मजले, वर गच्ची, दाराशी संगमरवरी सिंह. जिथे एकेकाळी यांची भाताची खाचरं होती, तिथे आता टॉवर उभे होते. तळमजल्यावरच्या खोलीत आजोबा, राघो मढवी, वॉकर शेजारी ठेवून बसले होते. तरुणपणी मिठागरात राबलेला माणूस. पाठ अजून ताठ, पण गुडघे गेलेले.

"ये, बस. च्या घे," ते महिपतरावांना म्हणाले. मग प्राचीकडे बघून, "तू पन बस गो. उभी नको राहू."

एवढ्यानेच प्राचीचे डोळे भरून आले. तिने ते पुसले आणि बसली.

"बाबा, बाटली कशी होती?" मामांनी विचारलं.

"मी काय पिलोय? नुसती बघली." म्हातारा हसला. "नातू सांगाचा, वेल म्हातारा झाला का द्राक्सं कमी देतं, पन रस भारी. बोलला, आजोबा, तुमच्यासारका. शंबर वर्साचा वेल! मी त ऐंशीचाच हाय."

दारात उभा असलेला त्यांचा मुलगा, कमलेश, मोबाइलमध्ये बघत होता. पन्नाशी ओलांडलेला, भारदस्त, गळ्यात जाड चेन. त्याने वर बघितलं नाही.

रिकामी बाटली टेबलावर ठेवली होती. महिपतरावांनी ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली. काच इतकी गडद, की पलीकडचं ऊनसुद्धा दिसेना. मग नाक लावलं. भांड्यांच्या साबणाचा वास. आतून अगदी स्वच्छ.

"कुणी धुतली?"

"मिळाली तेव्हा अशीच होती," प्रीतमची आई, सगुणा, म्हणाली. "साडीला एक डाग नाही पडलेला. मी आधी साडीच बघितली, खोटं कशाला बोलू."

"आणि आधी कुणी उघडली होती का?"

"छे! सील पन तसंच होतं. हळद-कुंकू मी वरून लावलेलं. गुरुवारी सकाळी खोकं पुसलं तेव्हा ती आतच होती, आणि काल दिवसभर आम्ही सगळे घरातच होतो."

महिपतरावांनी मान हलवली आणि चहा मागितला.

पहिली गाठ पडली ती करिश्माशी. प्रीतमची धाकटी बहीण, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तोंड फुगवून सोफ्यावर बसलेली.

"गुरुवारी प्राची आली तेव्हा घरात कोण होतं?"

"मी. पण मी आंघोळीला गेलेले. ही आजोबांच्या खोलीशेजारी एकटीच बसलेली."

"आजोबा?"

"ओट्यावर, त्यांच्या दोस्तांबरोबर. रोज बसतात."

"मग?"

"मग ही गेली. दुपारी मी, मम्मी आणि प्रीतम दादूस कल्याणला कपडे आणायला गेलेलो. पप्पा टिटवाळ्याच्या साइटवर."

"प्राची आवडत नाही का तुला?"

करिश्मा उसळली. "असं कोण बोललं? आधी दादूस मला सगळं सांगायचा. आता फोन आला की बाल्कनीत जातो. मला जेलसी वाटते, वाटते, काय करू? पण म्हणून मी बाटल्या नाही लपवत कुणाच्या बॅगेत. मला बोलायचं असलं की तोंडावर बोलते."

"दिसतंय ते," मामा म्हणाले. "स्पेनहून तुला काय आणलं त्याने?"

"सेंट. मम्मीला शाल. पप्पांना पट्टा."

तो पट्टा महिपतरावांनी पाहिला होता. चहाचा कप ठेवायला किचनमध्ये गेले, तर फ्रिजवर, खोक्यासकट पडलेला. उत्तम चामडं. वापराची एक घडीही नाही.

"घरात पिणारं कोण?"

"पप्पा व्हिस्की घेतात. दादूस कधीतरी बिअर, कॅनमधून. आजोबा आधी घ्यायचे, गुडघे गेल्यावर डॉक्टरने बंद केली."

नंतर कमलेशशेठ. तो फारच दिलदारपणे बोलला, अगदी हातात हात घेऊन.

"मामा, कशाला त्रास घेता? पोर हाय, रागात चूक झाली. मी भावकीतल्या भगवानला, कुंडलिकला, सगळ्यांना फोन करून सांगितलं, आपण माफ केलंय. विषय संपला."

"तिने केलंच नसेल तर?"

"बॅगेत मिळाली ना! जाऊ दे हो. आणि तशी कसली भारी होती ती? नाव मोठं. बाटलीच्या तळाशी बोटभर गाळ बसलेला. आपल्या इथे असला माल दुकानदाराच्या तोंडावर मारतात. एका बाटलीपायी घर थोडंच मोडायचं?"

"खरंय," महिपतराव म्हणाले. "तुमचं मन मोठं."

कमलेश खूश होऊन निघून गेला. मामा तिथेच उभे राहिले. नाकाखाली बोट फिरवण्याची त्यांची जुनी सवय होती. खात्यातले शिपाई ते बोट बघून ओळखायचे, की साहेबांना वास लागला.

प्रीतम जिन्यात भेटला. पडलेल्या चेहऱ्याने.

"मामा, मला नाही वाटत तिने केलं."

"मग बोलला का नाहीस?"

"पप्पांनी माफ केलंय ना आता. पुन्हा विषय काढला की पुन्हा भांडण."

"वा!" मामा म्हणाले. "म्हणजे तुझ्या घरातली शांतता हिच्या नावावर. छान." प्रीतम खाली मान घालून उभा राहिला. आणखी बोलायचं मामांच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण वेळ थोडा होता.

"तुझ्या पप्पांना एकटं बसावंसं वाटलं तर कुठे बसतात?"

"गच्चीवर. फोनवर बोलायला जातात. का?"

"हवा खायची आहे. चावी?"

"एक त्यांच्या जुडग्यात. दुसरी किचनच्या खिळ्याला. कुणीही घेतं."

करिश्माही मागोमाग आली. कुतूहल तिला गप्प बसू देईना. उन्हाळा म्हणून गेल्याच आठवड्यात गच्चीला चुना मारलेला, डोळे दिपावेत इतका पांढरा. एका कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीसमोर, कठड्याच्या बुडाशी, तीन डाग होते. निळसर काळे. लांबट. एका ओळीत.

"ही शाई कुणी सांडली?" करिश्मा म्हणाली.

महिपतराव गुडघ्यांवर बसले. "सांडलं की गोल पडतं, बाळ. हे उडवलंय. जा, आईकडून लिंबू आण."

"लिंबू?"

"आणि कापून आण."

लिंबू आलं. मामांनी एका डागावर चार थेंब पिळले. चुना फसफसला, आणि निळ्या डागाच्या कडा हळूहळू गुलाबी झाल्या. करिश्मा बघतच राहिली.

"आईशप्पथ! हे काय?"

"द्राक्षाचा रंग. चुन्यावर पडला की निळा होतो, लिंबू लागलं की पुन्हा लाली धरतो. धाडीत पकडलेली लोकं सांगायची, साहेब, शाई आहे. आम्ही लिंबू खिशातच ठेवायचो." मामा उठले, गुडघे झटकले. "आता सगळ्यांना आजोबांच्या खोलीत बोलाव. प्राचीलाही."

खोलीत सगळे जमले. राघोबाबा पलंगावर, सगुणा त्यांच्या पायाशी, करिश्मा दाराला टेकून, प्रीतम खिडकीशी. कमलेश खुर्चीत, पाय हलवत. प्राची मामांच्या शेजारी, हाताची घट्ट घडी घालून.

"तुम्हा सगळ्यांचा समज असा," महिपतरावांनी सुरुवात केली, "की प्राचीने रागाने बाटली मोरीत ओतली. पण ती वाइन ओतलेली नाही. प्यायलेली आहे. गच्चीवर. खुर्चीत बसून."

"कशावरून?" कमलेशने विचारलं.

"समोर तीन थेंब उडवलेत. बाबा, पहिला घोट घ्यायच्या आधी तुमच्यात काय करतात?"

राघोबाबांनी आपलं बोट हवेतल्या पेल्यात बुडवल्यासारखं केलं आणि अंगठ्याने तीनदा उडवलं. "जेलेल्या मानसांचा वाटा. त्यांना दिल्याबिगर आपून कसा प्यायाचा?"

"आमच्याकडे कोकणातही देतात. भट्टीवर धाड पडली तरी हातातल्या ग्लासातले थेंब आधी उडवून मग पळणारी माणसं मी बघितलीत. आता मला सांगा, रागाने ओतणारा माणूस पूर्वजांचा वाटा काढेल? जिला बाटलीचा तिटकारा, ती गच्चीवर नेऊन आधी थेंब देईल?"

 सगुणाने प्राचीकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

"म्हणजे प्राची नाही. राहिलं घर. प्रीतम कॅन तोंडाला लावतो, त्यात बोट बुडत नाही. करिश्माला हे डाग शाई वाटले, तिला थेंबांचा पत्ताच नाही. शिवाय गुरुवारी दुपारी ही दोघं सगुणाताईंबरोबर कल्याणला. थेंब देणारी माणसं या घरात दोन. बाबांना तीन मजले चढवायचे तर उचलूनच न्यावं लागेल."

कमलेशचा पाय हलायचा थांबला.

"काय मामा! मी टिटवाळ्याला होतो. आणि मी तर तिला माफ—"

"तेच. सगळ्यात आधी माफ तुम्ही केलंत. ज्यांची बाटली गेली, ते बाबा गप्प होते. पोरीला दोष द्यायचा आणि वर विषय संपवायचा, याची घाई एकट्या तुम्हाला होती. चोराच्या मनात चांदणं असतं, शेठ. तरी तेवढ्यावर मी नाव घेतलं नसतं. नाव तुम्ही स्वतःच दिलंत. म्हणालात, तळाशी बोटभर गाळ बसलेला."

"मग? होताच गाळ!"

"होता. चांगल्या, जुन्या रेड वाइनला बसतोच. पण बाटलीची काच बघितलीत? पलीकडचं ऊन दिसत नाही, तळाचा गाळ कुठून दिसणार? सील कुणी काढलं नव्हतं. आणि सापडली तेव्हा ती साबणाने धुतलेली होती. गाळ त्यालाच दिसला, ज्याच्या शेवटच्या ग्लासात तो उतरला. प्रीतम, तू सांगितलं होतंस का कुणाला गाळाबद्दल?"

"मला स्वतःलाच आत्ता कळतंय," प्रीतम म्हणाला.  "पप्पा?"

कमलेशने उठायचा प्रयत्न केला, आणि पुन्हा बसला. मग त्याला फुटलं ते एकदमच फुटलं, आणि शहरी बोलणं गळून पडलं.

"हां, पिलो! मीच पिलो! विमानतळावर न्यायाला कोन जेलता? मी. गाडीत माझ्याशी धड बोलला नाय. घरात आला आन धावला कुनाकडं, आजोबांकडं. खोक्यावर आजोबांचा नाव. आईला शाल, बहिनीला सेंट, आन मना पट्टा. तो पन कंबरंला पुरंना! बापसाची कंबर किती हाय, ते पन याला ठाव नाय."

"पप्पा, मला वाटलं—"

"रोज ऐकाचो मी. म्हातारा वेल, भारी रस. म्हाताऱ्याचा कौतुक, पोराचा कौतुक. मंगं मधला वेल काय नुसता लाकूड हाय? जमिनीच्या केशी मी लढलो. या घराचा दगड न् दगड मी लावला. मना एक घोट कोनी इचारला? गुरुवारी साइटवरून लवकर आलो, घरात कोनी नाय. बोल्लो, घेऊ एक घोट. एकाचे दोन झाले. मंगं बाटलीच रिकामी."

"आणि माझ्या बॅगेत का?" प्राचीने विचारलं.

तो तिच्याकडे बघेना.

"कुनावर त जायाला पायजे होता. तू बोल्लेली होतीस, सगल्यांनी ऐकलेला." मग अगदी हळू, "आन खरा सांगू? आता याचा जो काय उरलासुरला जीव असंल, तो पन तुझ्याकडंच जानार. लय राग आलता तुझा."

सगुणाने कपाळावर हात मारून घेतला. करिश्मा रडायला लागली. आपल्या मनातलंच कुणीतरी मोठ्याने बोललं, असं तिला वाटलं असावं.

राघोबाबांनी वॉकर बाजूला सारला आणि मुलाकडे तोंड केलं.

"कमल्या," ते म्हणाले, "घरची चीज घरच्या मानसान पिली, त्यात चोरी कसली? मागतास त आख्खी दिली असती. पन पोरीच्या पदरात कशाला बांदलीस?"

 कमलेशने प्राचीपुढे हात जोडले.

"चुकलो पोरी. उद्या हॉलात तुझा मान सगल्यांच्या आधी ठेवीन."

प्राचीने ते हात तसेच राहू दिले. तिच्या मनात काय चाललंय, हे मामांनाही कळेना.

"कशी लागली?" तिने विचारलं.

"काय?"

"वाइन. एवढं सगळं केलंत तिच्यासाठी. कशी लागली?"

कमलेशने डोळे पुसले. "पहिला घोट बरा लागला. नंतर काय कललाच नाय. एकटाच बसलेलो ना."

प्राची खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"काका, मला मान नको आणि माफीही नको. तुम्ही ज्यांना ज्यांना फोन केलेत, त्यांना परत करा. आत्ता. माझ्यासमोर. मग मी साडी घेऊन जाते आणि उद्या हॉलवर येते."

"अगं प्राची," प्रीतम घाईने म्हणाला, "सगळ्या भावकीत पप्पांचं—"

"तू पण बस," ती म्हणाली. "आणि ऐक."

प्रीतम बसला. महिपतराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, कारण हसू आणि रडू दोन्ही एकदम येत होतं, आणि ते भाचीला दाखवायचं नव्हतं.

कमलेशने मोबाइल उचलला. नाव शोधायला त्याला वेळ लागला. त्याने फोन कानाशी नेला, प्राचीकडे बघितलं, आणि स्पीकरवर टाकला.

"हॅलो, भगवान. नाय रं, जेवनाचा नाय. ऐक. ती बाटली... मी पिलो. हां, मीच. आन पोरीच्या बॅगेत पन मीच टाकलेली. तिनं काय नाय केला. हसू नको, नीट ऐक, आन घरात सगल्यांना सांग."

स्पीकरवर भगवान अजून विचारतच होता.  कमलेशने फोन ठेवला, सगुणाने पुढे केलेलं पाणी घेतलं, आणि कुंडलिकचा नंबर लावला.